सममिती : नियमाची आणि चित्राची

(हीरक महोत्सवी व्याख्यानमालेत माजी विद्यार्थी, पालक आणि आठवी ते दहावीचे विद्यार्थी यांच्यासमोर मुख्याध्यापिकांनी दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर.)



शाळेच्या हीरक महोत्सवात मुख्याध्यापिकेने शाळेच्या वाटचालीविषयी बोलावे, अशी रीत आहे. परंतु ती वाटचाल ज्यांनी प्रत्यक्ष पाहिली, त्यांनी ती कालच आपल्याला सांगितली आहे. मनमाडहून काचीगुड्याला येणाऱ्या गाडीने आपली मंडळी या हैदराबाद शहरात कशी आली, १९५६ साली मराठवाड्याचे जिल्हे तिकडे गेल्यावरही कितीतरी कुटुंबे इथेच कशी राहिली आणि त्यांनी भाड्याच्या दोन खोल्यांत पहिलीचा वर्ग कसा सुरू केला, हे त्यांच्या तोंडून ऐकल्यावर मी त्यात काय भर घालणार? मी गणित शिकवते. माझ्या नावापुढे एम.ए. पाहून पुष्कळ जण मला मराठीच्या बाई समजतात. पण कला शाखेतही गणित हा विषय असतो आणि मी त्यातलीच आहे. तेव्हा आज मी गणिताविषयीच बोलेन. शाळेविषयी बोलायचे आपोआप येईल तेव्हा येईल.

विषय आहे सममिती. आपल्याला सममिती ठाऊक असते ती चित्रातली. फुलपाखराचे पंख, देवळाचे शिखर, संक्रांतीला या शहरातल्या दारोदारी उमटणारे मुग्गू आणि आपल्याकडची ठिपक्यांची रांगोळी. सहावीत आपण कागदाची घडी घालून सममितीचा अक्ष शोधतो. मला आज सांगायचे आहे ते चित्राच्या सममितीविषयी कमी आणि नियमाच्या सममितीविषयी अधिक. नियमही सममित असू शकतो. आणि नियम सममित आहे, म्हणजे नेमके काय आहे आणि काय नाही, याविषयी माझा स्वतःचा बरीच वर्षे गैरसमज होता.

यासाठी मी जे खेळणे घेणार आहे त्याला सेल्युलर ऑटोमेटा म्हणतात. त्याला सर्वमान्य मराठी शब्द मला सापडला नाही, म्हणून आहे तोच वापरते. १९४० च्या दशकात जॉन फॉन नॉयमन हे थोर गणिती, स्वतःची प्रत तयार करू शकेल असे यंत्र कागदावर उभे करता येईल का, याचा विचार करत होते. त्यांचे मित्र स्टॅनिस्लाव उलाम यांनी सुचवले की यंत्राचे सुटे भाग कशाला कल्पायचे, चौकटीचा कागद घ्यावा आणि प्रत्येक घराची स्थिती शेजारच्या घरांवरून ठरावी. एवढ्या साध्या सूचनेतून एक सबंध शास्त्र उभे राहिले. फॉन नॉयमन यांच्या घराला २९ स्थिती होत्या. आपल्याला दोन पुरतील, काळे आणि पांढरे.

आलेख कागदाची एकच आडवी ओळ घ्या. काही घरे काळी करा. आता खालची ओळ भरायची. खालचे प्रत्येक घर वरच्या तीन घरांकडे पाहते, म्हणजे थेट वरच्या घराकडे आणि त्याच्या डाव्या-उजव्या शेजाऱ्यांकडे. त्या तिघांच्या रंगावरून आपला रंग कोणता हे एक नियम सांगतो. तीन घरे, प्रत्येकाचे दोन रंग, म्हणजे परिस्थिती आठ. प्रत्येक परिस्थितीला उत्तर काळे किंवा पांढरे, म्हणजे एकूण नियम दोनाचा आठवा घात, २५६. स्टीफन वुल्फ्रॅम यांनी १९८३ मध्ये या नियमांना द्विमान पद्धतीने ० ते २५५ असे क्रमांक दिले आणि आजही जगभर तेच वापरतात. नियम एकदा ठरला की पुढे सगळे आपोआप. पहिल्या ओळीवरून दुसरी, दुसरीवरून तिसरी. कुठेही निवड नाही, नशीब नाही.

क्रमांक ९० चा नियम पाहा. डावा आणि उजवा शेजारी यांपैकी नेमका एकच काळा असेल तर खालचे घर काळे, नाहीतर पांढरे. एका काळ्या घरापासून सुरुवात करा. दुसऱ्या ओळीत त्याच्या दोन बाजूंना दोन घरे काळी होतात. तिसऱ्या ओळीत ती आणखी एकेक घर दूर जातात. चौथ्या ओळीत एकाआड एक अशी चार घरे उमटतात. सोळा ओळी भरून झाल्या की त्रिकोणात त्रिकोण, त्यातही त्रिकोण अशी जाळी दिसू लागते. पास्कलचा त्रिकोण मांडून त्यातल्या विषम संख्या रंगवल्या तरी हीच जाळी येते. त्या त्रिकोणाला आपल्याकडे पिंगलाच्या छंदशास्त्रावरील टीकेत हलायुधाने मेरुप्रस्तार म्हटले, तेही दहाव्या शतकात. दर वर्षी आठवीच्या वर्गात हे चित्र फळ्यावर पुरे होत आले की मागच्या बाकांवरची कुजबुज थांबते. तेवढ्यासाठी तरी हा तास मी कधी सोडलेला नाही.

हे चित्र डाव्या-उजव्या बाजूंनी सारखे का येते? या प्रश्नाचे उत्तर फार सुंदर आहे आणि त्यासाठी एकही आकडा लागत नाही. नियम डाव्याला आणि उजव्याला एकाच मापाने मोजतो. म्हणून चित्रासमोर आरसा धरला तर आरशातले चित्रही तोच नियम पाळते. सुरुवातीचे एक घर आरशातही तसेच दिसते. म्हणजे मूळ चित्र आणि प्रतिबिंब, दोन्हींची सुरुवात एक आणि नियमही एक. पण एका सुरुवातीपासून एका नियमाने दोन वेगवेगळी चित्रे निघूच शकत नाहीत. म्हणून मूळ चित्र आणि प्रतिबिंब एकच असले पाहिजे. हजाराव्या ओळीपर्यंत घरे मोजत बसण्याची गरज नाही. सममित नियम आणि सममित सुरुवात असेल, तर भेद कधीच उत्पन्न होत नाही.

याच्या उलट ३० क्रमांकाचा नियम घ्या. आठ परिस्थितींपैकी एकाच जोडीत तो भेद करतो. मधले आणि उजवे काळे असेल तर काळे, मधले आणि डावे काळे असेल तर पांढरे. बाकी सर्वत्र तो डाव्या-उजव्याला सारखेच वागवतो. एवढ्याशा कलाने काय व्हावे? त्याच एका घरापासून निघालेल्या चित्राची एक बाजू बरीचशी नीटस राहते आणि दुसरी इतकी विस्कळित होते की मधल्या स्तंभातले काळे-पांढरे घर नाणे फेकून ठरवल्यासारखे वाटते. त्या स्तंभाचा उपयोग संगणकात यादृच्छिक संख्या तयार करण्यासाठी केला गेला आहे. ११० क्रमांकाचा नियमही असाच एका जोडीत भेद करणारा. कोणताही संगणक जे गणित करू शकतो ते या एका ओळीत करता येते, असे मॅथ्यू कुक यांनी सिद्ध केले आणि ती सिद्धता २००४ मध्ये प्रसिद्ध झाली.

आता कोणी म्हणेल, म्हणजे सममित नियम नीरसच. तसे नाही. जॉन कॉन्वे यांचा ‘गेम ऑफ लाइफ’ १९७० मध्ये मार्टिन गार्डनर यांच्या सदरातून जगभर गेला. त्याचा नियम चारही दिशांना आणि तिरप्या बाजूंनाही सारखाच वागवतो. आठ शेजाऱ्यांपैकी दोन किंवा तीन जिवंत असतील तर घर जिवंत राहते, रिकाम्या घराला नेमके तीन जिवंत शेजारी असतील तर ते जिवंत होते, अन्यथा नाही. त्यात दिशेचा उल्लेखच नाही. तरीही पाच घरांची ‘ग्लायडर’ नावाची एक आकृती तिथे तिरपी चालत जाते. दोन पिढ्यांनंतर ती सरकून स्वतःचे प्रतिबिंब होते आणि चार पिढ्यांनंतर मूळ रूपात, पण एक घर तिरपे पुढे. ती कुठल्या कोपऱ्याकडे जाणार हे नियमाने ठरवलेले नाही. नियमाला चारही कोपरे सारखे. ते ठरते ती पाच घरे सुरुवातीला कशी मांडली यावर. नियमात नसलेला कल सुरुवातीतून येतो. एवढे ध्यानात ठेवा, मला पुन्हा इकडे यायचे आहे.

सममितीचा आणखी एक सरळ व्यावहारिक उपयोग आहे, तो म्हणजे कष्ट वाचतात. २५६ नियमांतले कितीतरी एकमेकांची प्रतिबिंबे आहेत. ३० चे प्रतिबिंब ८६, ११० चे १२४. जो ३० समजला त्याला ८६ वेगळा शिकावा लागत नाही. प्रतिबिंबाखेरीज दुसरीही एक अदलाबदल आहे, ती रंगांची. काळ्याला पांढरे म्हणा आणि पांढऱ्याला काळे. नियम तोच, नावे उलटी. या दोन्ही अदलाबदली लक्षात घेतल्या तर खरोखर वेगळे नियम उरतात ८८. दहावीतल्या हुशार मुलांना लगेच शंका येईल की चार-चारांचे गट केले तर ६४ यायला हवेत. पण काही नियम स्वतःच स्वतःचे प्रतिबिंब असतात, त्यांचा गट चारांचा होत नाही. डाव्या-उजव्या अदलाबदलीने न बदलणारे नियम ६४ आहेत, रंगांच्या अदलाबदलीने न बदलणारे १६, आणि दोन्ही एकदम केल्याने न बदलणारेही १६. २५६, ६४, १६ आणि १६ यांची बेरीज ३५२, तिला चारांनी भागले की ८८. असे का भागायचे, हे ज्यांना पाहायचे आहे त्यांनी माझ्या कार्यालयात यावे. मुख्याध्यापिकेच्या कार्यालयात कोणी गणितासाठी आले तर मला आनंदच होईल.

दोन्ही अदलाबदली एकदम, याचे उदाहरण आपण रोज आबिड्सच्या चौकात पाहतो. १८४ क्रमांकाचा नियम वाहतुकीचा आहे. काळे घर म्हणजे मोटार, पुढचे घर मोकळे असेल तर ती एक घर उजवीकडे सरकते, नाहीतर जागीच थांबते. याला आरसा दाखवला तर मोटारी डावीकडे जातील, म्हणजे नियम बदलला. नुसते रंग बदलले तरी बदलला. पण दोन्ही एकदम केले तर नियम जसाच्या तसा. कारण मोटार एक घर पुढे गेली की मोकळी जागा एक घर मागे येते. ज्या नियमाने मोटारी पुढे जातात त्याच नियमाने रिकाम्या जागा मागे जातात. रिक्षात अडकून बसल्यावर हा विचार करून पाहा. रिक्षा लवकर पोचत नाही, पण वेळ बरा जातो.

आता माझ्या गैरसमजाकडे येते. मी वर्गात अनेक वर्षे असे सांगत असे की नियम सममित आहे की नाही हे तपासायचे तर एका काळ्या घरापासून सुरुवात करा. चित्र दोन्ही बाजूंनी सारखे आले की नियम सममित. एकदा नववीतल्या एका मुलीने मधल्या सुट्टीत मला आलेख कागद आणून दाखवला. त्यावर मधोमध एक सरळ काळी रेघ होती, दुसरे काही नाही. नियम होता १२ क्रमांकाचा. काळ्या घराच्या डावीकडचे घर पांढरे असेल तर ते काळेच राहते, बाकी सर्व घरे पांढरी होतात. एकटे घर असेल तर त्याच्या डावीकडे कोणी नसते, ते टिकते, खाली एक सरळ रेघ उतरते. तिच्याइतके सममित चित्र कोणते? ती म्हणाली, “बाई, हा नियम एकट्याला काहीच करत नाही. आता दोघींना शेजारी शेजारी उभ्या करा.” मी दोन घरे काळी केली. पुढच्या ओळीत डावीकडचे राहिले, उजवीकडचे पुसले गेले. चार काळी केली, तर डावीकडचे एकच उरले. नियमात डाव्या-उजव्याचा भेद पहिल्यापासून होता. एकट्या घराला तो दिसण्याचे कारणच नव्हते.

मी तिला शाबासकी दिली आणि फळ्यावरची चूक दुरुस्त केली. पण ते दोन शेजारी घरांचे चित्र माझ्या मनातून गेले नाही, कारण ते मी आधी पाहिलेले होते.

मी या शाळेत नवी असताना गृहपाठाच्या वहीवर पालकांची सही मराठीतच असावी असा नियम होता. तो माझ्या आधीपासूनचा होता आणि मला आवडायचाही. परप्रांतात आपली लिपी घरात राहावी, हा हेतू चांगलाच होता. कोणाला सूट नाही, सर्वांना एकच नियम. एके वर्षी एका बाकावर बसणाऱ्या दोन मुलींपैकी एकीची वही मी परत केली, कारण सही तेलुगूत होती. पुढच्या आठवड्यात वही आली. सही देवनागरीत, एकेक अक्षर चाचपडत काढलेले. मला तेव्हा अभिमान वाटला. नंतर शेजारच्या मुलीने सांगितले की तिची आई तेलुगू आहे आणि तिने दोन रात्री पाटीवर सही गिरवली. तिच्याच बाकावरच्या दुसऱ्या मुलीच्या आईला मी कधी काही गिरवायला लावले नव्हते, आणि लावण्याची वेळही आली नसती. त्या नियमाने सर्वांना सारखेच वागवले असे मी समजत होते. बरीच वर्षे शाळेत एकाच तऱ्हेची घरे होती म्हणून ते तसे दिसत होते. दोन तऱ्हेची घरे एका बाकावर आली तेव्हा कल दिसला. मुख्याध्यापिका झाल्यावर मी तो नियम काढला. त्या मातोश्री आज या सभागृहात आहेत. त्यांची क्षमा मी त्यांच्या घरी जाऊन मागितलेली आहे, त्यामुळे आज त्यांना उभे राहायला सांगत नाही.

म्हणजे असममित नियम सममित दिसू शकतो, हे एक झाले. आता याहून मला अधिक अस्वस्थ करणारी गोष्ट सांगते. नियम अगदी पूर्ण सममित असूनही काय होऊ शकते, ती गोष्ट.

२३२ क्रमांकाचा नियम बहुमताचा नियम आहे. स्वतःचा रंग आणि दोन शेजाऱ्यांचे रंग पाहायचे, तिघांत ज्याचे बहुमत असेल तो रंग घ्यायचा. याला आरसा दाखवा, तसाच राहतो. रंग बदला, तसाच राहतो. काळ्याकडे कल नाही, पांढऱ्याकडे नाही, डाव्याकडे नाही, उजव्याकडे नाही. याहून निःपक्षपाती नियम आठांच्या कोष्टकात लिहिणे कठीण. आता पांढऱ्या घरांच्या लांब ओळीत एक काळे घर ठेवा. दोन्ही शेजारी पांढरे. पुढच्या ओळीत ते नाहीसे. एका पायरीत.

घर हा शब्द मी चौकटीसाठी वापरते आहे, पण आपल्यापैकी पुष्कळांना त्याचा दुसरा अर्थ ऐकू आला असेल. ज्या गल्लीत एकच मराठी घर असते त्या घरातली मुले शाळेत एक भाषा, गल्लीत दुसरी आणि काही वर्षांनी आईशीही गल्लीतलीच भाषा बोलू लागतात. यात कोणी कोणावर अन्याय केलेला नसतो. कोणी मराठी बोलू नका असे म्हणत नाही. शेजाऱ्यांसारखे बोलावे, एवढाच नियम असतो आणि तो सर्वांना सारखा असतो. म्हणूनच त्याच्याविरुद्ध तक्रार करता येत नाही.

आणि तो खरोखरच सारखा आहे. रंगांची अदलाबदल करून पाहा. सोलापूरच्या पूर्व भागात पद्मशाली विणकरांची तेलुगू वस्ती आहे, पिढ्यान्‌पिढ्यांची. भोवती मराठी. तिथे तेलुगू शाळेच्या मुख्याध्यापिकेने आपल्या मुलांसमोर हेच व्याख्यान तेलुगूत दिले, तर त्यांना एक शब्दही बदलावा लागणार नाही, फक्त काळ्याला पांढरे म्हणावे लागेल. इथे आपण जे गमावतो तेच त्या नियमाने ते तिथे गमावतात. नियमाची सममिती म्हणतात ती हीच. बाजू बदलल्या तर निकालही बदलतील, एवढेच तिचे आश्वासन असते. दोन्ही बाजूंना आज सारखे मिळेल, असे तिने कधीच म्हटलेले नसते. मी मात्र पुष्कळ वर्षे निःपक्षपाती नियम म्हणजे समान निकाल असेच धरून चालले होते. कारण ओळीत काळे किती आणि पांढरे किती, हे नियमाने ठरवलेले नसते. ते सुरुवातीने ठरते, त्या ग्लायडरसारखे.

याच नियमात दोन काळी घरे शेजारी शेजारी ठेवा. डाव्या घराचा उजवा शेजारी काळा, तो स्वतः काळा, तिघांत दोन. उजव्या घराचेही तसेच. दोन्ही टिकतात. पुढच्या ओळीत टिकतात, त्याच्या पुढच्या ओळीत टिकतात, भोवती पांढऱ्याचा कितीही लांब विस्तार असो. नियम तोच, बहुमत तेच, फरक एवढाच की दोघे लगत आहेत. मध्ये एका पांढऱ्या घराचे अंतर पडले तर दोन्ही जातात.

ज्यांनी ही शाळा काढली त्यांना २३२ क्रमांक ठाऊक नव्हता. पण विखुरलेल्या गल्ल्यांतली मुले दिवसातले सहा तास एका बाकावर आणून बसवायची, हे त्यांनी केले. शाळेतल्या मुलांना घरी जाऊन तेच करायला सांगता येत नाही, कारण घर कुठे घ्यायचे हे भाड्यावर ठरते. बाक मात्र आपल्या हातात होता. आता तो बाकही रिकामा होतो आहे. पहिलीचा वर्ग लहान झाला आहे, हे कळायला मला आकडा लागत नाही, हजेरी घ्यायला पूर्वीइतका वेळ लागत नाही. पालक इंग्रजी शाळेकडे का वळतात हे मला समजते. माझ्या सख्ख्या नात्यातही ते घडले आहे आणि मी त्यांना दोष देऊ शकले नाही. प्रत्येक पालक आपल्या दोन शेजाऱ्यांकडे पाहतो आणि बहुमत घेतो.

खेळण्याला त्याच्या जागी ठेवले पाहिजे, हेही मान्य करते. आलेख कागदावरच्या घराला एकच रंग असतो. आपल्या मुलांना तीन-तीन असतात. घरी मराठी, रिक्षावाल्याशी ‘नक्को’ आणि ‘हौ’, दुकानात तेलुगू, आणि शेजारी बदलला की रंग बदलतो, पण आधीचा पुसला जात नाही. शिवाय कागदावरच्या घराला आपण कुठे उभे राहायचे हे ठरवता येत नाही. माणसाला ते थोडेफार ठरवता येते. म्हणून मी हा नियम तुमच्यापुढे भविष्य म्हणून ठेवत नाही.

एक गंमत मात्र सांगायची राहिली. बहुमताच्या नियमात मुलांचे रिंगण करून काळा-पांढरा, काळा-पांढरा असे एकाआड एक उभे केले, तर प्रत्येकाचे दोन्ही शेजारी विरुद्ध रंगाचे. प्रत्येक जण शेजाऱ्यांसारखा व्हायला जातो आणि सगळे एकदम रंग बदलतात. पुन्हा सगळे विरुद्ध. पुन्हा सगळे बदलतात. प्रत्येक जण दुसऱ्यासाठी आपले सोडतो आहे आणि कोणाचे कोणाशी कधीच जुळत नाही. आंतरभाषिक लग्न झालेल्या एका जोडप्याने मला सांगितले की त्यांच्या घरी पहिले वर्षभर हेच चालले होते. तो तिच्याशी तेलुगूत बोलायचा प्रयत्न करी आणि ती त्याच्याशी मराठीत.

वेळ झाली आहे. मघापासून नववीची एकवीस मुले उजवीकडच्या दारात हातात पुठ्ठे घेऊन उभी आहेत. पुठ्ठ्याची एक बाजू काळी, एक पांढरी. मुलांनो, मधल्या मोकळ्या जागेत ओळीने या. कडेच्या दोघांनी आपल्या पलीकडे पांढरा आहे असे धरायचे. प्रथम बारावा नियम, मग बहुमताचा, मग कडेची एक जण बाजूला होऊन बाकीच्या वीस जणांचे रिंगण. बहुमताच्या वेळी सातव्या क्रमांकाने एकट्याने काळा धरायचा. नंतर पुन्हा सातव्या आणि आठव्याने. शिट्टी वाजेपर्यंत कोणी पुठ्ठा फिरवायचा नाही, आणि शेजाऱ्याकडे पाहायचे ते शिट्टीच्या आधी.